जुनी पेट्रोल गाडी थंड असतानाच बघा

जुनी वॅगनआर किंवा स्विफ्ट बघायला जायच्या आधीच मालकाला फोनवर सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघा. सावलीतल्या गाडीचं बॉनेट गरम लागलं, तर मी सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणेन. टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनातल्या साखळीची, खडखड थंड इंजिनाच्या पहिल्या स्टार्टलाच नीट ऐकू येते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला, तर ऑइलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मिसळत असल्याची शंका घ्या.

किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून बघा, मीटर मागे फिरवणारे कमी नाहीत. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर एनओसी हातात येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.