पुरात भिजलेले कागद वाचवायचं काम शिकायचंय? सांगलीकरांसाठी थोडं अनुभवाचं

२००५, २०१९, २०२१... आपल्याकडं पूर काय नवीन नाही, २०१९ ला तर आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, आणि नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली तेव्हापासून बरीच पोरं मेसेज करतात की हे कॉन्झर्व्हेशन का काय ते, म्हणजे जुने कागद-वस्तू जतन करायचं काम, कुठं शिकायचं. म्हणून एकदाच लिहितो.

पहिलं म्हणजे ब्रश घेऊन पोथी साफ करतानाचे फोटो बघून या लाईनीत येऊ नका. आपत्तीनंतरचं निम्मं काम हमालीचं आणि निम्मं कारकुनाचं. क्रेट भरायचे, नंबर टाकायचे, कुठल्या कपाटातलं काय ते लिहायचं, हलवायच्या आधी फोटो काढायचा. नंबर चुकला तर वाचलेली वस्तू पण कुणाची ते कळत नाही, मग वाचवून उपयोग काय!

वेळ फार कमी असतो. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, आणि आपल्या ऑगस्टच्या हवेत तर विचारूच नका. लोक लगेच पुस्तकं उन्हात टाकतात नाहीतर हेअर ड्रायर लावतात, दोन्ही नको, कागद वाकडा होतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मधे कोरे टीपकागद घालून आणि ते बदलत राहायचं. आर्ट पेपरची गुळगुळीत पानं सुकताना कायमची चिकटतात, ती सुकायच्या आत बघायची. ढीग मोठा असेल तर सरळ फ्रीज करायचं, उणे २० च्या आसपास, म्हणजे बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. इथं कुणीतरी म्हणतंच की बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज आहे की! पण ते साधारण ४ अंशावर असतं, तिथं बुरशी मंदावते, थांबत नाही. आईस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीजर जास्त कामाचा.

मोडी कागदांची गंमत अशी की जुनी काजळीची शाई पाण्यात सहसा पसरत नाही, पण ओली असताना बोट घासलं की अक्षर गेलं. नंतरच्या रंगीत शाया आणि रबरी शिक्के मात्र बघता बघता उतरतात, म्हणून ते आधी उचलायचे. आणि मास्क, ग्लोव्हज, गमबूट पाहिजेतच, पुराच्या पाण्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू असू शकतात. पोलिस-प्रशासनानं आत जा म्हटल्याशिवाय इमारतीत शिरायचं नाही.

शिकायचं कुठं? नोएडाचं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज, लखनौची एनआरएलसी (जतनाची सरकारी संशोधन प्रयोगशाळा), वारसा जपणाऱ्या इन्टॅक संस्थेची सेंटर्स, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्व्हेशन सेंटर. केमिस्ट्री झालेली असेल तर बरं पडतं. इक्रॉम या वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, आपत्तीत वारसा वस्तूंवर करायच्या प्रथमोपचाराचं हँडबुक नेटवर फुकट आहे, कोर्स मिळेपर्यंत ते वाचा. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये आर्नो नदीनं फ्लोरेन्स बुडवलं, तिथल्या भिजलेल्या ग्रंथांवर काम करता करता हे शास्त्र बरंचसं घडलं, तेही शोधून वाचा. आणि मोडी शिका, नाहीतर कागद उलटा धरलाय का सुलटा तेही कळणार नाही.

पैशाचं सांगायचं तर कायमच्या जागा थोड्या, बहुतेक काम प्रोजेक्टवर. घरी आधीच सांगून ठेवा.

अजून एक, मिरजेची वाद्यं. सतार-तंबोरा भिजला तर तारा सैल करायच्या, भोपळा सावलीत हळूहळू सुकू द्यायचा, आणि जोड सुटला असेल तर फेव्हिकॉल लावत बसू नका. मिरजेतल्या कारागिराला बोलवा, ते काम त्याचंच.