सारख्याच वाटणाऱ्या दोन बॅडमिंटन रॅकेट्समधून एक कशी निवडावी

दहा रॅकेट्स बघून झाल्या की शेवटी हातात दोनच उरतात. दोन्ही 4यू (म्हणजे एकाच वजनगटातल्या), दोन्हींच्या खोक्यावर ‘अटॅक’ छापलेलं, किमतीत पाच-सातशेचा फरक. दुकानदार म्हणतो, ‘दोन्ही चांगल्या आहेत.’ तो खोटं बोलत नसतो. फरक असतो, पण खोक्यावर तो फारसा सापडत नाही. वजन रॅकेटच्या कुठल्या टोकाला आहे, शाफ्ट (मूठ आणि डोकं जोडणारी दांडी) किती वाकतो आणि गटिंग (जाळीच्या दोऱ्या ताणून बसवणं) कसं केलंय, या तीन गोष्टींत तो असतो. यातली तिसरी तर रॅकेटची नव्हेच, तरी बहुतेकांचा निर्णय तीच फिरवते. म्हणून आधी गटिंग आणि ग्रिप सारखी करायची आणि मगच तुलना करायची. सगळी पद्धत याच एका नियमावर उभी आहे.

पायरी 1: आपल्या जुन्या रॅकेटचं माप घ्या

नवीन रॅकेट ‘जड’ की ‘हलकी’ हे जुनीच्या मानानेच ठरतं. त्यामुळे सुरुवात जुनीपासून. लागतं ते इतकंच: 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, मिलिमीटरची पट्टी आणि एक पेन्सिल.

गटिंग आणि ग्रिपसकट रॅकेटचं वजन करा. मग टेबलावर पेन्सिल आडवी धरून तिच्यावर रॅकेटचा शाफ्ट ठेवा आणि दोन्ही टोकं तोलली जाईपर्यंत रॅकेट पुढेमागे सरकवा. जिथे तोलते तिथे खूण करा. मुठीच्या बुडापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. हा झाला बॅलन्स पॉइंट. गटिंग नसलेल्या रॅकेटचा तो साधारण 285 ते 295 मिमीच्या दरम्यान आला तर लोक तिला इव्हन (समतोल) म्हणतात, पुढे गेला तर हेड हेवी (डोक्याकडे जड), मागे राहिला तर हेड लाइट (डोक्याकडे हलकी). तुमची गटिंगसकट मोजलेली आहे, तेव्हा हे आकडे तिला जसेच्या तसे लावू नका. या सीमारेषा ढोबळ आहेत, कंपन्यांचं त्यावर एकमत नाही.

याच कागदावर जुन्या रॅकेटची तक्रारही एका ओळीत लिहा. ‘टॉस (उंच, मागच्या रेषेकडे जाणारा फटका) मागे पोचत नाही’ आणि ‘स्मॅश उचलायला हात उशिरा येतो’ या तक्रारी सारख्या वाटल्या तरी त्यांची उत्तरं उलटी आहेत. एक कटू गोष्ट आधीच सांगतो: गटिंग जुनं होऊन सैल, मऊ पडलं असेल, तर आधी काही शे रुपयांत ते नवीन करून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पायरी 2: अक्षरं वाचा, पण तिथे थांबू नका

योनेक्स या जपानी कंपनीच्या पद्धतीत 3यू म्हणजे 85 ते 89 ग्रॅम, 4यू म्हणजे 80 ते 84, 5यू म्हणजे 75 ते 79 आणि एफ म्हणजे 70 ते 74. ही वजनं गटिंगशिवायची. ‘जी’ या अक्षरापुढचा आकडा मुठीच्या जाडीचा. योनेक्समध्ये आकडा वाढला की मूठ बारीक होते, म्हणजे जी5 ही जी4 पेक्षा बारीक. शंका असेल तर बारीक घ्या. वर ओव्हरग्रिप (मुठीवर चढवायची जादा पट्टी) गुंडाळून जाडी वाढवता येते, कमी करणं मात्र कटकटीचं.

मालिकेच्या नावावरून दिशा कळते. योनेक्समध्ये अॅस्ट्रॉक्स हेड हेवीकडे झुकतात, नॅनोफ्लेअर हेड लाइटकडे, आर्कसेबर या दोन्हींच्या अधेमधे. अॅस्ट्रॉक्स 88 मध्ये डी ही दुहेरीत मागून मारणाऱ्यासाठी आणि एस नेटजवळ खेळणाऱ्यासाठी आखलेली. मात्र ‘प्रो’, ‘टूर’, ‘गेम’, ‘प्ले’ हे शेवटचे शब्द दुर्लक्षू नका. नाव आणि रंगसंगती तीच राहते, पण साहित्य, शाफ्ट आणि किंमत बदलते. प्रोबद्दल वाचलेलं परीक्षण प्लेला लावणं ही नेहमीची चूक.

आणि ‘स्मॅश हवा तर हेड हेवीच’ हा समज जरा सैल करा. भारताचा दुहेरीचा खेळाडू सात्विकसाईराज रंकीरेड्डी याने 2023 मध्ये ताशी 565 किमी वेगाच्या स्मॅशचा गिनेस विक्रम केला, तो नॅनोफ्लेअर 1000 झेड वापरून, म्हणजे हेड लाइट मालिकेतल्या रॅकेटने. रॅकेट हलवणाऱ्या हाताचा वेग जास्त मोलाचा.

पायरी 3: वजन आणि बॅलन्स एकत्र मोजा

एकाच 4यू गटात 4 ग्रॅमपर्यंत फरक असू शकतो. एकाच मॉडेलचे दोन नग काट्यावर ठेवले तरी हे दिसतं. त्यामुळे दुकानात प्रत्यक्ष नग मोजा. लहान काटा खिशात मावतो, आणि दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी फार काळ करत नाही.

आता थोडं गणित. हात मुठीच्या बुडापासून 90 मिमीवर आहे असं धरा. रॅकेटचं वजन गुणिले (बॅलन्स उणे 90) केलं की मनगटावर किती भार येतो याचा अंदाज मिळतो.

अ: 83 ग्रॅम, बॅलन्स 300. भार 83 × 210 = 17,430.
ब: 87 ग्रॅम, बॅलन्स 290. भार 87 × 200 = 17,400.
क: 83 ग्रॅम, बॅलन्स 290. भार 83 × 200 = 16,600.

अ 4यू आहे आणि ब 3यू, तरी आडवी धरल्यावर दोन्ही जवळजवळ सारख्याच जड लागतील. उलट अ आणि क यांचं वजन एकच असूनही पाच टक्क्यांच्या आसपास फरक आहे, आणि तो हाताला लगेच कळतो. नुसत्या ‘यू’वरून निवड करणाऱ्यांची फसगत इथे होते. हा हिशोब स्थिर धरलेल्या रॅकेटचा आहे. फिरवताना वजन फ्रेमवर कसं पसरलंय हेही जाणवतं, म्हणून कोर्टवरची चाचणी टळत नाही.

दुकानात एक रॅकेट गटिंग केलेली आणि दुसरी उघडी असते, तेव्हा दोन्हींची थेट तुलना करू नका. वरच्या क रॅकेटवर साधारण 4 ग्रॅमचं गटिंग चढलं की बॅलन्स सुमारे 12 मिमी डोक्याकडे सरकतो. मुठीवर 5 ग्रॅमची एक ओव्हरग्रिप गुंडाळली की तो सुमारे 11 मिमी परत खाली येतो. डोक्याच्या टोकाला 1 ग्रॅमची शिशाची चिकटपट्टी लावली तर अंदाजे 4 मिमी वर जातो. यातून एक सरळ नियम निघतो: दोन रॅकेट्समध्ये बॅलन्सचा फरक 5 मिमीच्या आत असेल, तर त्या फरकासाठी जादा पैसे मोजू नका. तो घरी पट्टीने किंवा ग्रिपने करता येतो. शाफ्टची लवचिकता मात्र घरी बदलता येत नाही.

पायरी 4: शाफ्ट

‘स्टिफ’ आणि ‘मीडियम’ या शब्दांना सगळ्या कंपन्यांत मिळून एक माप नाही. एका कंपनीची मीडियम दुसरीच्या स्टिफइतकी निघू शकते. म्हणून दोन्ही रॅकेट्स पाठोपाठ हातात घ्या. एका हाताने मूठ, दुसऱ्याने फ्रेमचं टोक धरून अगदी हलकेच वाकवा आणि कुठली आधी वाकते ते बघा. टेबलावर टेकवून दाबू नका.

मऊ शाफ्ट मागे वाकतो आणि परत येताना शटलला ढकलतो. हाताचा वेग कमी असणाऱ्याला याची मदत होते, पण जोराच्या फटक्यात शटल थोडं इकडेतिकडे जातं. कडक शाफ्ट लवकर सरळ होतो, दिशा नेमकी देतो, पण तो वाकवायला वेग लागतो. वेग नसेल तर टॉस अर्ध्यात पडतो, खेळाडू खांद्याचा जोर लावू लागतो आणि काही आठवड्यांत कोपर बोलू लागतं. डेन्मार्कचा ऑलिम्पिक विजेता व्हिक्टर अॅक्सेलसेन याने वापरलेली अॅस्ट्रॉक्स 100 झेडझेड एक्स्ट्रा स्टिफ आहे. आठवड्यातून दोनदा सोसायटीच्या हॉलमध्ये खेळणाऱ्याने ती घेण्याचं कारण फक्त रंग असू शकतो.

पायरी 5: गटिंग सारखं करा

दोन्ही रॅकेट्सवर एकच गट (म्हणजे जाळीची दोरी), एकच ताण, शक्य तर एकाच माणसाकडून एकाच दिवशी. योनेक्सचा बीजी 65 हा गट 0.70 मिमीचा, टिकाऊ. बीजी 66 अल्टिमॅक्स 0.65 मिमीचा, आवाज कडक, उसळी छान, पण लवकर तुटतो. एका रॅकेटवर हा आणि दुसरीवर तो असेल, तर तुम्ही रॅकेट्सची नव्हे, गटांची तुलना करत आहात.

नायलॉन शटलने खेळणाऱ्या हौशी खेळाडूला 22 ते 24 पाउंड ताण पुष्कळ झाला. ताण वाढला की जाळी कमी दबते, शटलला उसळी कमी मिळते आणि मध्याबाहेर लागलेला फटका मरतो. स्वस्त रॅकेट्सवर ठळक छापलेले ‘30 पाउंड’ ही सहनशक्तीची मर्यादा आहे, ती शिफारस समजू नये. 28 पाउंडांवर ताणलेली मीडियम शाफ्टची रॅकेटसुद्धा ‘फार स्टिफ’ वाटते आणि बिचाऱ्या शाफ्टला दोष लागतो.

पायरी 6: कोर्टवर मोजा

दुकान डेमो रॅकेट देत असेल किंवा ओळखीत कोणाकडे तेच मॉडेल असेल, तर एक तास काढा. नावांवर कागदी चिकटपट्टी लावा. किंमत माहीत असली की महागडी आपोआप बरी वाटते. शटल एकाच डब्यातली घ्या.

जोडीदाराने उंच सर्व्हिस द्यावी, तुम्ही मागच्या रेषेजवळून टॉस मारा. अ ने दहा, ब ने दहा, पुन्हा अ ने दहा, पुन्हा ब ने दहा. कोर्ट 13.40 मीटर लांब आहे आणि दुहेरीच्या सर्व्हिसची मागची रेषा शेवटच्या रेषेच्या 76 सेंमी आत. त्या पट्ट्यात किती पडले ते मोजा. मग जोडीदाराने कोर्टच्या मध्यातून दहा-दहा स्मॅश मारावेत, किती परत गेले ते मोजा. शेवटी दोन्ही बाजूंनी ड्राइव्ह (नेटवरून जाणारे सपाट, वेगवान फटके). हे सगळं तासाच्या शेवटी, हात थकल्यावर, पुन्हा करा. पहिल्या पाच मिनिटांत हेड हेवी रॅकेट नेहमीच जिंकते. थकलेल्या हाताने स्मॅश उचलताना तिचं खरं रूप दिसतं.

टॉसमध्ये एक आणि बचावात दुसरी सरस ठरली, तर तुम्ही जो खेळ जास्त खेळता त्याचा आकडा मोठा धरा. एकेरीत टॉस. दुहेरीत, आणि आपल्याकडचे बहुतेक हौशी दुहेरीच खेळतात, जिच्याने हात उशिरा येत नाही ती.

पायरी 7: पैसे देण्याआधी

मुठीच्या बाजूने एक डोळा मिटून शाफ्ट आणि फ्रेम एका रेषेत आहेत का बघा. कानाजवळ हलवा. आत सुट्या गोंदाचा कण वाजला तर नुकसान नाही, पण दुसरा नग मागा. ग्रोमेट (फ्रेमच्या भोकांतल्या, दोरी जाते त्या प्लास्टिकच्या नळ्या) सगळे बसलेले हवेत, रंगाखाली केसासारखी रेघ नको. कोनवरचा (मुठीच्या वरच्या निमुळत्या टोपीवरचा) किंवा शाफ्टवरचा क्रमांक खोडलेला असेल किंवा किंमत बाजारभावाच्या निम्मी असेल, तर रॅकेट खाली ठेवा. बिल घ्या. गटिंग झाल्यावर नग सहसा परत घेत नाहीत, म्हणून हे सगळं त्याआधी.

गटिंग करणाऱ्याला आडव्या दोऱ्यांचा ताण उभ्यांपेक्षा एक-दोन पाउंड जास्त ठेवायला सांगा, म्हणजे फ्रेमचा आकार टिकतो. आणि खेळता खेळता एक दोरी तुटली, तर त्याच वेळी मधल्या दोऱ्यांपासून कडेकडे जात उभ्या-आडव्या सगळ्या कापून टाका. एका बाजूचा ताण तसाच राहिला, तर बॅगेत पडल्या पडल्या फ्रेम वाकडी होऊ शकते.