स्मिथसोनियनचा चांदीचा डॉलर: निवडायचा कसा, तपासायचा कसा, जपायचा कसा

पुण्याहून दरवर्षी कुणाचा तरी निरोप येतो, "येताना ते म्युझियमचं नाणं मिळालं तर बघ." मी मेरीलँडला राहते, वॉशिंग्टन जवळ, आणि नाण्यांचा नाद मला सासऱ्यांकडून लागला. ते सांगलीत शिवराया जमवायचे. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

नाणं कुठलं, ते आधी. वॉशिंग्टनमधली बरीच संग्रहालयं चालवणारी स्मिथसोनियन संस्था १८४६ साली स्थापन झाली. तिला दीडशे वर्षं पूर्ण झाली म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने दोन स्मारक नाणी काढली, एक डॉलरचं चांदीचं आणि पाच डॉलरचं सोन्याचं. चांदीच्या नाण्यावर एका बाजूला संस्थेची किल्ल्यासारखी दिसणारी जुनी इमारत आहे. दुसऱ्या बाजूला पृथ्वीगोलावर बसलेली, हाती ज्ञानाची मशाल घेतलेली स्त्री. सोन्याच्या नाण्यावर जेम्स स्मिथसनचा चेहरा आहे.

हा स्मिथसन इंग्रज शास्त्रज्ञ. त्याने आयुष्यात अमेरिकेत कधी पाऊल ठेवलं नाही, तरी आपली संपत्ती त्या देशाला ज्ञानप्रसारासाठी दिली. ती १८३८ साली बोटीने आली ती १,०४,९६० सोन्याच्या गिन्न्यांच्या रूपात. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत त्या वितळवून त्यांची अमेरिकन नाणी पाडली आणि त्या पैशातून पुढे ही संस्था उभी राहिली. म्हणजे या संग्रहालयाचा जन्मच नाण्यांतून झाला आहे. शिवाय १९९६ च्या प्रत्येक चांदीच्या डॉलरमागे दहा डॉलर आणि सोन्याच्या नाण्यामागे पस्तीस डॉलर जादा घेऊन ते संस्थेला दिले गेले, आणि त्यातला काही हिस्सा तिथल्या राष्ट्रीय नाणेसंग्रहासाठी राखून ठेवला होता. नाणं विकून नाण्यांचीच निगा राखायची, ही कल्पना मला फार आवडते. आज तुम्ही घ्याल त्याचे पैसे अर्थातच विकणाऱ्याला जातील, संग्रहालयाला नाही.

आता निवड. चांदीचा डॉलर दोन तऱ्हांचा आहे. एक प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेला: आरशासारखी पार्श्वभूमी आणि त्यावर दुधाळ उठाव, फिलाडेल्फियात पाडलेला, म्हणून त्यावर 'पी' हे बारीक अक्षर. दुसरा अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेला: सगळीकडे सारखी साटिनसारखी झळाळी, डेन्व्हरमध्ये पाडलेला, त्यावर 'डी'. बघणाऱ्याचा हात आपसूक प्रूफकडे जातो. पण प्रूफ सुमारे १ लाख २९ हजार विकले गेले आणि 'डी' वाले जेमतेम ३१ हजार. ज्याला संग्रह करायचा आहे त्याने दहापट वाढवणारं भिंग घ्यावं आणि ते अक्षर शोधावं. मी स्वतः 'डी'ला कौल देते, आणि बाजारातही त्याला भाव जास्त मिळतो. भेट द्यायची असेल तर मात्र प्रूफ घ्या, पेटी उघडल्यावर डोळ्यांना तेच सुखावतं. सोन्याचं नाणं दोन्ही तऱ्हा मिळून तीसएक हजारच विकलं गेलं. ते पहिल्या खरेदीला घेऊ नका.

टांकसाळीकडे हे आता मिळत नाही. नाणेप्रदर्शनातले विक्रेते, जुनी नाणेदुकानं आणि ईबे, एवढेच मार्ग. मागायचं ते मूळ पेटी आणि प्रमाणपत्रासकट मागा. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून श्रेणी देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीत असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा आणि तिथे फोटो असेल तर तो हातातल्या नाण्याशी ताडून पाहा. श्रेणी ७० पैकी देतात; ६९ आणि ७० या दोन श्रेणींमधला फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही, पैशात मात्र भरपूर दिसतो. त्या एका अंकासाठी जादा मोजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भावाचा तळ घरीच काढता येतो. नाण्याचं वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी आणि बाकी तांबं. म्हणजे निव्वळ चांदी २४ ग्रॅमच्या किंचित वर. त्याला त्या दिवशीच्या दराने गुणा. त्याहून बरंच स्वस्त कुणी देत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या. हा हिशेब आपल्या स्मारक नाण्यांना जसाच्या तसा लावू नका, कारण आपल्याकडच्या कितीतरी शंभर रुपयांच्या स्मारक नाण्यांत चांदी निम्मीच आहे.

तपासणीचं सांगते, कारण नकली अमेरिकन डॉलरांचा बाजारात सुळसुळाट आहे. पहिली गोष्ट फुकटात होते. नाणं कडेला धरा, चित्र सरळ ठेवा आणि आडव्या रेषेभोवती फिरवा, म्हणजे वरची कड खाली येईल. मागचं चित्र सरळ दिसलं पाहिजे, कारण अमेरिकन नाणी अशीच पाडतात. आपला रुपया असा फिरवलात तर मागची बाजू उलटी दिसते. मग व्हर्नियरने (बारीक मापं घेणाऱ्या चिमट्यासारख्या मोजपट्टीने) व्यास मोजा, ३८.१ मिलिमीटर. कडेला सारखे दाते हवेत आणि त्यांच्यावर जोड दिसता कामा नये. चुंबकाला नाणं चिकटलं तर तिथेच विषय संपला.

वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सोनारी काटा हवा. आणि नाणं उघडंच मिळालं असेल, मनात संशय असेल, तर पाण्याची परीक्षा करा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. बारीक दोऱ्याने नाणं पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, पण तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. काटा २.६ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. तेवढ्याच वजनाचं चांदीचा मुलामा दिलेलं पितळ असेल तर आकडा तीनच्या वर जाईल. नंतर मऊ सुती कापडावर ठेवून पाणी टिपून घ्या, पुसू नका. कॅप्सूलमधल्या, म्हणजे पारदर्शक गोल डबीतल्या, प्रूफवर हा प्रयोग अजिबात करायचा नाही.

भारतात आणताना बिल हाताशी ठेवा आणि विमानतळावर नाणं जाहीर करा. सोन्याचांदीची नाणी दागिन्यांच्या सवलतीत बसत नाहीत.

आता सगळ्यात कळकळीचं. नाणं घासू नका. आपल्याकडे दिवाळीच्या आधी देवघरातली चांदी बाहेर निघते, आणि त्या ताटल्या-निरांजनांबरोबर हे नाणंही टूथपेस्टखाली जातं. एका घासण्यात त्यावर हजार बारीक ओरखडे पडतात आणि ते पुन्हा कधीच भरून येत नाहीत. काळपट-सोनेरी छटा आली तर येऊ द्या. जाणकार तिला किंमत देतात, घासलेल्या चकाकीला नाही. लक्ष्मीपूजनात ठेवायची हौस असेल तर खुशाल ठेवा, पण कॅप्सूल न उघडता, आणि हळदकुंकू शेजारच्या सुपारीला वाहा. ओलं कुंकू आणि पंचामृत चांदीवर डाग पाडतात.

हाताळायचं झालं तर फक्त कडेला धरायचं, खाली मऊ टॉवेल पसरून, आणि नाण्यावर वाकून बोलायचं नाही. थुंकीचा अदृश्य शिंतोडा काही महिन्यांनी काळा ठिपका होऊन वर येतो. बोटाचा ठसा प्रूफवर कायमचा उमटतो. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणं ठेवलंत तर त्यावर हिरवट चिकट थर धरतो. कडक कॅप्सूलच वापरा. रबरबँड आणि वर्तमानपत्र दूर ठेवा, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळा संपला की बदला.

वॉशिंग्टनला येणं झालं तर अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं नाण्यांचं दालन चुकवू नका. प्रवेश विनामूल्य आहे, आणि जगातल्या अतिदुर्मिळ नाण्यांपैकी एक, १९३३ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, तिथे आहे. बाकी सगळं पाहून पाय दुखायला लागायच्या आत, सकाळीच तिकडे जा.

आणि घरी एक वही करा: खरेदीची तारीख, किंमत, मोजलेलं वजन, टांकसाळीचं अक्षर, दोन्ही बाजूंचे फोटो. बिल त्याच वहीत चिकटवा. वही मात्र नाण्याच्या डब्यात ठेवू नका, वेगळ्या कपाटात ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.