उनोला वायफाय जोडायचंय? आधी 3.3 व्होल्टची सोय करा

नवा बोर्ड घ्यायचाच असेल, तर सरळ ईएसपी32 घ्या. त्यात वायफाय आतच असतं. हा लेख ज्यांच्या खणात जुना अर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) पडून आहे त्यांच्यासाठी. त्याला ईएसपी-01 हे आठ पायांचं छोटं वायफाय मॉड्यूल जोडायचं आहे. त्यातली ईएसपी8266 चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची.

पहिली गोष्ट वीज. मॉड्यूल 3.3 व्होल्टवर चालतं, 5 व्होल्ट दिले तर जळू शकतं. मग उनोवरच्या 3.3 व्होल्टच्या पिनला जोडावं, असं वाटतंच. मलाही वाटलं होतं. निळा दिवा लुकलुकायचा, मॉड्यूल मध्येच रीसेट व्हायचं आणि मी दोन संध्याकाळी कोडमधली चूक शोधत बसलो! वायफायवर काही पाठवताना मॉड्यूल क्षणभर 300 मिलिअँपिअरच्या आसपास करंट ओढतं. त्या पिनला तो भार पेलत नाही. म्हणून 5 व्होल्टच्या वेगळ्या चार्जरवर एएमएस1117 चा 3.3 व्होल्टवाला रेग्युलेटर (5 चे 3.3 व्होल्ट करणारा भाग) लावा आणि मॉड्यूलच्या अगदी जवळ 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, धन-ऋण बघून. उनो, रेग्युलेटर, मॉड्यूल या तिघांचं ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नका.

आता तारा. मॉड्यूल ब्रेडबोर्डात थेट खोचू नका, समोरासमोरचे पाय शॉर्ट होतात. जंपर वायर वापरा. मॉड्यूलचे व्हीसीसी (वीज घेणारा पाय) आणि सीएच-पीडी (चिप चालू करणारा पाय) दोन्ही 3.3 व्होल्टला. मॉड्यूलचा टीएक्स, म्हणजे माहिती पाठवणारा पाय, उनोच्या पिन 2 ला थेट चालतो. उलट दिशेला मात्र 5 व्होल्ट येतात, म्हणून पिन 3 पासून 1 किलोओहमचा रेझिस्टर मॉड्यूलच्या आरएक्सपर्यंत (माहिती घेणारा पाय) आणि आरएक्सपासून 2 किलोओहमचा ग्राउंडपर्यंत. आरएक्सला साधारण 3.3 व्होल्टच पोचतात.

उनोवर सॉफ्टवेअर सीरियल (साध्या पिनांवरून संवाद साधणारी लायब्ररी) वापरणारं छोटं स्केच, म्हणजे प्रोग्राम, चढवा: अर्डुइनो सॉफ्टवेअरच्या सीरियल मॉनिटर या खिडकीत टाइप केलेलं मॉड्यूलकडे, तिकडून आलेलं मॉनिटरवर. मॉनिटरमध्ये 'बोथ एनएल अँड सीआर' निवडा. मॉड्यूलला द्यायच्या आज्ञा रोमन मोठ्या अक्षरांतच टाइप करायच्या. 'एटी' पाठवलं की 'ओके' यायला हवं. चित्रविचित्र अक्षरं आली तर वेगाचा घोळ आहे: बहुतेक मॉड्यूल 115200 वर बोलतात, सॉफ्टवेअर सीरियलला तेवढा वेग झेपत नाही. स्केचमध्ये एकदा 115200 ठेवून 'एटी+यूएआरटी_डीईएफ=9600,8,1,0,0' पाठवा, मग स्केचही 9600 वर आणा.

पुढचं सोपं. 'एटी+सीडब्ल्यूमोड=1', मग 'एटी+सीडब्ल्यूजेएपी=' आणि त्यापुढे नेटवर्कचं नाव व पासवर्ड, दोन्ही दुहेरी अवतरणांत, मध्ये स्वल्पविराम. नेटवर्क 2.4 गिगाहर्ट्झचंच हवं; 5 चं या चिपला दिसतच नाही. शेवटी 'एटी+सीआयएफएसआर' विचारा. आयपी पत्ता मिळाला की त्याच वायफायवरच्या लॅपटॉपवरून पिंग करून बघा.