जट काढायला जाताना: कुठे मान राखायचा, कुठे आव्हान द्यायचं

डोक्यात जट (केसांचा चिकटून घट्ट झालेला गुंता) आली म्हणजे यल्लम्मा देवीचं बोलावणं आलं, आणि ती कापली तर देवीचा कोप होतो, ही समजूत पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात अजून घट्ट आहे. याच समजुतीपायी पूर्वी कित्येक मुली कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडल्या गेल्या, म्हणजे देवदासी केल्या गेल्या. कर्नाटकात देवदासी प्रथेवर बंदी घालणारा कायदा 1982 मध्ये आला, पण जटेची भीती कायद्याने गेली नाही. दहा-दहा वर्षं बायका ते ओझं वागवतात. मान आखडते, धड कुशीवर झोपता येत नाही, उवा आणि वास यांमुळे कुणी जवळ बसत नाही.

देव न मानणारा कार्यकर्ता अशा घरात गेला की त्याला पहिला पेच पडतो तो हाच: देवी नाही असं तोंडावर सांगायचं, की गप्प राहून काम उरकायचं? डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विरोधाची रेघ शोषणापाशी ओढली, देवाधर्मापाशी नाही. जटेच्या कामात ती रेघ अशी पाळावी: देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, पण 'कापली तर कोप होतो' या दाव्याला समोरासमोर, मोकळेपणाने आव्हान द्यायचं.

पहिल्या भेटीत कात्री नेऊच नका. चप्पल बाहेर काढा, दिलेला चहा घ्या, हळदीकुंकू किंवा भंडारा पुढे केला तर हात झिडकारू नका. मावशी, अक्का, जे त्या घरात म्हणतात ते म्हणा. बोलणं तिच्याशी करा, नवऱ्याशी किंवा सासूशी नंतर. जट कधीपासून आहे, त्याआधी काय झालं होतं, हे विचारा. बहुतेक वेळा बाळंतपण, लांबलेलं आजारपण किंवा मनाचा मोठा धक्का निघतो, ज्यात महिनोन्महिने केस विंचरलेलेच नसतात. घाम, धूळ आणि तेल यांनी केस चिकटतात. मग कुणीतरी 'देवीची आहे' म्हणतं आणि धुणं-विंचरणं कायमचं थांबतं. गुंता वाढतो तो त्या थांबण्याने, हे तिला तिच्याच केसावर दाखवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं काम. वही काढा आणि जट असताना गेल्या वर्षभरात घरात कोण आजारी पडलं, कुठलं जनावर दगावलं, काय नुकसान झालं, ते तिच्याच तोंडून तारखेनिशी लिहून घ्या. मग स्पष्ट सांगा, "जट काढल्यावरही महिन्या-दोन महिन्यांत कुणाला तरी ताप येईल. जट होती तेव्हाही येतच होता." हे आधी सांगितलं नाही, तर नातवाच्या पहिल्या खोकल्याला शेजारीण म्हणते, "बघ, कोप झाला." मग ती बाई हबकते आणि केस विंचरणं पुन्हा सोडते. काम बिघडतं ते बहुतेक इथेच.

घाईच्या वेळी एक मोह हमखास होतो: देवऋषाकडून कौल, म्हणजे देवीचा होकार, आणायचा, किंवा 'देवीनेच परवानगी दिली' असं ठोकून द्यायचं. हे करू नका. काम लवकर होतं, पण भीतीची दोरी देवऋषाच्याच हातात राहते. उद्या त्याने उलटा कौल दिला की सगळं मुसळ केरात. तुम्ही देव मानता का, असं तिने विचारलं तर खरं सांगा: "मी मानत नाही. तुम्ही मानता, ते तुमच्यापाशी. पण लेकराचं वाईट व्हावं म्हणून आई टपून बसेल का, एवढंच सांगा." या प्रश्नापाशी पुष्कळ जणी थांबून विचार करतात. मंगळवार, शुक्रवार किंवा अमावास्या नको म्हणाली तर दुसरा दिवस घ्या. वारावरून भांडणं व्यर्थ आहे. मात्र तिचा स्वतःचा होकार नसेल, तर घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी कापू नका.

काढण्याच्या दिवशी दोन मोठ्या धारदार कात्र्या, रुंद दातांचा कंगवा, जुनी चादर, हातमोजे, मास्क आणि कोमट पाणी घ्या. जट दोरखंडासारखी कडक असते, एक कात्री मध्येच बोथट होते. पथकात निदान एक बाई हवीच. आधी टाळू नीट बघा. जखम, पू किंवा अळ्या दिसल्या तर कापणं पुढे ढकला आणि डॉक्टरांकडे न्या. मुळाशी अर्धा-एक इंच नवे केस बहुधा मोकळे असतात. तिथे जटेखाली दोन बोटं सरकवा आणि बोटांच्या वरून, थोडी थोडी कापा. ओढू नका, कातडी वर येते आणि कात्रीत सापडते. अर्धा-पाऊण तास लागेल असं धरा.

कापलेली जट तिच्या हातात द्या. नदीत सोडायची, पुरायची की देवीपुढे ठेवायची, ते तिचं ती ठरवेल. तिच्यादेखत कचऱ्यात टाकणं म्हणजे उगाच केलेला अपमान. लेखी संमतीशिवाय फोटो नको. मग डोकं धुवा. उवा असतील तर डॉक्टरांना विचारून 1 टक्का परमेथ्रिन 10 मिनिटं लावून धुवावं आणि आठवड्याने पुन्हा लावावं.

कुणी दैवी शक्तीचा धाक घालून पैसे उकळत असेल, तर तिथे मात्र नरमाई नको. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लावता येतो: 6 महिने ते 7 वर्षं कैद, 5,000 ते 50,000 रुपये दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. जातपंचायतीने वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचाच 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. लहान मुलीला देवीला सोडण्याची बोलणी चालू असतील तर संमतीची वाट न पाहता 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्याने घरी जा, वही सोबत न्या. खरी कसोटी पुढच्या नवरात्रात. त्या नऊ दिवसांत एकदा तरी जाऊन बसा. ती घट बसवेल, माळ चढवेल, त्यावर काही बोलू नका. केस विंचरलेत का, तेवढं बघा.