हैस : बगदादच्या प्रवाशांचा खजुराचा लाडू घरी कसा करावा

लाडू म्हटला की आपलं लक्ष पाकाच्या तारेकडे जातं. हैस या अरबी लाडवाला पाक नाही आणि शिजवणंही नाही. लागतो तो वाळलेल्या पावाचा चुरा, खजूर, बदाम-पिस्ते, तिळाचं तेल आणि मनगटात जोर. मुहम्मद बिन अल-हसन अल-बगदादी याने १२२६ साली लिहिलेल्या ‘किताब अल-तबीख’ या पाकपुस्तकात ही कृती आहे आणि हे खाणं प्रवाशांसाठी उत्तम, असंही तो सांगतो.

हैस मात्र बगदादहून कितीतरी जुना. पैगंबर मुहम्मद खैबरहून मदिनेला परतत असताना सफिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वाटेवरच्या वलीम्यात, म्हणजे लग्नाच्या जेवणात, हैसच वाढला गेला, असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत) येतं. तेव्हाचा हैस खजूर, तूप आणि अकित म्हणजे वाळवलेलं दही यांचा होता. बगदादच्या कृतीत अकित नाही, त्याऐवजी पाव किंवा कअक नावाचं कोरडं बिस्कीट आहे. आपल्याला घरी हाच प्रकार सोपा पडतो.

प्रमाण त्या पुस्तकातलंच घ्यावं. एक रतल चुरा, पाऊण रतल खजूर, तीन ऊकिया बदाम-पिस्ते, दोन ऊकिया तिळाचं तेल. बगदादचा रतल साधारण ४०० ग्रॅमचा आणि त्यात १२ ऊकिया. घरासाठी याच्या निम्मं पुरे : २०० ग्रॅम चुरा, बिया काढून १५० ग्रॅम खजूर, ५० ग्रॅम बदाम-पिस्त्यांची भरड, अडीच मोठे चमचे तेल आणि वरून घोळवायला पिठीसाखर. वीस-बावीस लाडू होतात.

सुरुवात पावापासून. बेकरीतला टोस्ट नको, तो गोड असतो आणि त्यात बहुधा वेलची असते. साधा ब्रेड घ्या, बोटाएवढ्या कांड्या कापा आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर वाळवा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर अगदी मंद आंचेवर, सतत उलटवत. कांडी मोडली की कट्‌ असा आवाज यायला हवा आणि मधला गरही वाकता कामा नये. पहिल्या वेळी मी शिळा पाव पावसाळ्यातल्या अर्ध्यामुर्ध्या उन्हात वाळवला होता. वरून तो कडक लागला, आतून दमट राहिला आणि चौथ्या दिवशी डब्यात पांढरी बुरशी आली. हा लाडू टिकतो तो कोरडेपणावर, तेव्हा इथे घाई नको. वाळलेल्या कांड्या मिक्सरमधून काढून चाळा. चुरा बारीक रव्याएवढा हवा.

आता खजूर. फ्रिजमध्ये ठेवून विकला जाणारा काळा, ओलसर केमिया इथे चालत नाही, त्याचा चिखल होतो. इराकचा जाहिदी मिळाला तर फारच छान. तो थोडा कोरडा असतो, पण कढईत मंद आंचेवर दोन-तीन मिनिटं फिरवला की नरम पडतो. प्रत्येक खजूर उभा चिरून आत बघा. काळी भुकटी दिसली तर तो टाकून द्या.

खरं काम परातीत आहे. चुरा, खजूर आणि बदाम-पिस्त्यांची भरड एकत्र करून तळव्याने रगडायला लागा. पाच मिनिटं तरी काही जमत नाहीये असंच वाटतं : चुरा एकीकडे, खजुराच्या चिकट गाठी दुसरीकडे. थांबू नका. हळूहळू चुरा खजुराचा ओलावा ओढून घेतो, गडद रेघा पुसल्या जातात आणि सगळ्याला एकसारखा बदामी रंग येतो. मला याला पंधरा मिनिटं लागतात. हैस या शब्दाचा अर्थच मुळी मिसळणं. मिक्सरने हे होत नाही, त्यात खजूर गरम होऊन पात्याला गोळा धरतो.

मिश्रण अगदीच फुटत असेल तर दोन-तीन खजूर वाढवा. पाण्याचा हात मात्र लावू नका, एका ओल्या हाताने सगळी कमाई जाते.

तिळाचं तेल घाण्याचं घ्या. ते चांगलं तापवून हाताला सोसेल इतकं निववा, मिश्रणावर ओता आणि पुन्हा मळा. तेलाऐवजी लोणी चालेल, असं मूळ कृतीतच आहे. आपल्या घरात तूप असतं, तेही चालतं. पण पहिल्यांदा तेलाचाच करून बघा. खजुराच्या गोडीखाली तिळाचा तो खमंग, किंचित कडवट वास यायला हवा, तुपाने लाडू ओळखीचा होऊन जातो. वेलची-जायफळही या खेपेला डब्यातच राहू द्या.

लहान लिंबाएवढे गोळे घट्ट वळा आणि पिठीसाखरेत घोळवा. साखरेने ते एकमेकांना चिकटत नाहीत. झाकण न लावता रात्रभर ताटात राहू द्या, म्हणजे वरचा थर जरा सुकतो. मग कोरड्या स्टीलच्या डब्यात थराथराने भरा, मध्ये थोडी पिठीसाखर भुरभुरवा. माझ्याकडे ते दोन आठवडे आरामात राहतात. लांबच्या प्रवासात दोन लाडू आणि पाणी एवढ्यावर चार तास निघतात. डबा सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा.