कोणाचं तरी अडेल असं काम

साठीनंतर वेळ कसा घालवायचा, हा प्रश्न मुंबईत फारसा पडत नाही. कट्टा आहे, नाना-नानी पार्क आहे, ज्येष्ठ नागरिक संघाची सहल आहे, नाटकं आहेत. हे सगळं हवंच. पण एक दिवस तुम्ही कट्ट्यावर गेला नाहीत तर कोणाचं काही अडत नाही, आणि नोकरी सुटल्यावर माणूस आतून खचतो तो बहुतेक वेळा यानेच. म्हणून आठवड्यात निदान एक काम असं धरा, की तुम्ही गेला नाहीत तर कोणीतरी खोळंबेल.

काम निवडताना पलीकडे ठरावीक माणूस आहे ना, हे आधी बघा. वार आणि वेळ बांधलेली हवी. जायचं असेल तर दारातून निघून पोहोचेपर्यंत पाऊण तासाच्या वर नको. डोंबिवलीहून कुलाब्याला जायचं काम पहिल्या पावसातच सुटतं. सुरुवात आठवड्याला दोन तासांनी करा आणि तीन महिने एक मिनिटही वाढवू नका. उत्साहाच्या भरात रोज यायला लागलेली माणसंच आधी थकतात.

परळच्या केईएम आणि टाटा रुग्णालयात बाहेरगावच्या पेशंटना रांगा, फॉर्म, औषधाच्या चिठ्ठ्या समजावून देणारं माणूस लागतं. त्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा, परस्पर वॉर्डात शिरू नका. पालिकेच्या शाळेत मुलांना वाचायला बसवायचं असेल तर आधी मुख्याध्यापकांना भेटा.

घराबाहेर फार पडता येत नसेल तर अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं हे अतिशय मोलाचं काम आहे. वरळीच्या नॅब या अंधांसाठीच्या संस्थेत किंवा सेंट झेवियर्स कॉलेजातल्या दृष्टिबाधितांच्या केंद्रात चौकशी करा. संगणक आता मराठीही वाचून दाखवतो. पण जुनी फिकट छपाई, आकृत्या, तक्ते, गणितं इथे तो अडखळतो आणि तिथे माणूसच लागतो. कोणतं पुस्तक हवं ते विद्यार्थ्यालाच विचारा. आपल्या आवडीची कादंबरी वाचून पाठवली तर त्याची परीक्षा अडलेलीच राहते.

रेकॉर्डिंगला साधा मोबाइल पुरतो. तो विमान मोडवर टाका, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला ठेवा. अगदी समोर धरला तर प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात फाट्‌ आवाज जातो. पंखा बंद, खिडकी बंद, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा. कपडे आवाज शोषतात, खोली घुमत नाही. मुंबईत त्यातल्या त्यात शांत वेळ पहाटे साडेपाच ते सातची. गणपतीत आणि नवरात्रात संध्याकाळचा नाद सोडा. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोनने ऐका, मगच पुढे जा.

सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्तीचं वर्ष सांगा. प्रत्येक पान सुरू होताना पानाचा आकडा म्हणा, कारण वर्गात शिक्षक ‘पान 47 काढा’ म्हणतात. तक्ता ओळीने वाचा आणि दर आकड्याआधी रकान्याचं नाव पुन्हा घ्या: ‘वर्ष 1961, पुरुष इतके, स्त्रिया इतक्या’. नुसते आकडे सलग वाचले तर चौथ्या आकड्यापाशी ऐकणारा हरवतो. विशेषनाम कठीण असेल तर एकदा अक्षरं फोडून सांगा. चुकलात तर दोन सेकंद थांबून ते अख्खं वाक्य पुन्हा घ्या. नाट्यमय वाचू नका. अभ्यास करणारी मुलं वेग वाढवून ऐकतात, तेव्हा चढउताराचा त्रास होतो. दर प्रकरणाची फाइल वेगळी, नावाच्या सुरुवातीला 01, 02 असे आकडे.

वीस मिनिटांनी पाच मिनिटं थांबा, कोमट पाणी प्या. तीनशे शब्दांच्या पानाला साधारण तीन मिनिटं लागतात, म्हणजे 200 पानांना दहा तास. आठवड्याला दोन तास धरले तर पाच आठवडे. विद्यार्थ्याला तारीख देताना सहा सांगा. 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अपंग व्यक्तींसाठी अशी प्रत करू देतो. पण फाइल त्या विद्यार्थ्याला किंवा संस्थेलाच द्या, यूट्यूबवर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

हे सगळं अंगात बळ असेल तरच निभेल. हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा करून 30 सेकंदांत मोजा. 65 ते 69 वयात पुरुषांचे 12 पेक्षा आणि स्त्रियांचे 11 पेक्षा कमी भरले तर पाय कमजोर झालेत, पडण्याचा धोका आहे. डॉक्टरांना दाखवा आणि हाच व्यायाम रोज थोडा थोडा करा. आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सावरण्याचा व्यायाम हवा. दूध तापेपर्यंत ओट्याला एक हात लावून एका पायावर उभं राहणं, इतकं साधं चालेल. लोकलने जायचं असेल तर साडेअकरा ते चार हीच वेळ घ्या.

फसतं कुठे? घरचे गृहीत धरतात. ‘आजी घरीच असते’ म्हणून नातवाचा क्लास, गॅसवाला, कुरिअर सगळं त्याच दोन तासांत येऊन पडतं. महिन्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावा आणि सुनेला, मुलाला आधीच सांगून ठेवा. दुसरं, साहेबगिरी. तीस वर्षं खातं चालवलेला माणूस संस्थेत पाय ठेवताच सुधारणा सुचवू लागतो. पहिले सहा महिने सांगितलेलं काम तेवढं करा. पैशांचे व्यवहार आणि चेकवरच्या सह्या अंगावर घेऊ नका.

आणि दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर कामात गुंतवून घेणं हा त्यावरचा उपाय नाही. डॉक्टरांना दाखवा, थायरॉइड आणि बी-12 तपासायला सांगतील. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, ज्येष्ठांसाठी 14567ही आहे.

एक वही कामाशेजारी ठेवा: तारीख, कुठवर आलं, पुढे काय राहिलं. आजारपण येणारच, मुलाकडे अमेरिकेला जाणंही होणार. जायच्या महिनाभर आधी संस्थेला कळवा, बदली माणसाला दोन वेळा शेजारी बसवा आणि वही त्याच्या हाती द्या.